मध्यंतरात गेलेला प्रसंग

जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचा एकच नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: मंडळात राजकारण नको. वड्यात लसूण किती, यावरून दोन कुटुंबांचा अबोला आहे, पण ते राजकारण नव्हे. गणपतीत आरतीचं ताट आधी कोणाच्या हातात, तेही नव्हे. राजकारण म्हणजे दुसऱ्याने मांडलेलं मत. आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे हे, त्यामुळे लोकशाहीचा मला घरबसल्या दांडगा अनुभव आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक जर्मन बाई राहतात. मुलं त्यांना ओमा म्हणतात, म्हणजे आजी, आणि मुलांचं ऐकून मीही. पूर्व जर्मनीच्या समाजवादी राजवटीत ओमा भिंगाच्या काचा घासायच्या कारखान्यात होत्या आणि तिथे एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गोष्ट साधी. एक कामगार बाई भर सभेत म्हणते, कारखान्याचे आकडे खोटे आहेत. मग तिला काढून टाकायला दुसरी सभा भरते. अध्यक्ष विचारतो, कोणाचा विरोध? एकही हात वर होत नाही.

सभेतली गर्दी म्हणून कारखान्यातल्याच बायका बसवल्या होत्या, त्यात तिसऱ्या रांगेत ओमा. दिग्दर्शकाने बजावलं होतं, सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे बघायचं. "अख्खी सकाळ गेली त्यात," ओमा सांगायच्या. "कोणी ना कोणी मान वर करायचंच. त्या बाईची दया यायची ना."

सिनेमा झाला आणि सरकारने तो कपाटात कोंडला. बर्लिनची भिंत पडल्यावर तो बाहेर आला, तेव्हा ओमांचा कारखाना बंद पडलेला, नवरा अंथरुणाला खिळलेला. सिनेमाला जाणार कोण? आता त्यांचे डोळे झपाट्याने चाललेत. टीव्हीवरचं काही दिसत नाही. त्या वयातला त्यांचा एक फोटोही नाही. "मोठ्या पडद्यावर एकदा बघायला हवं होतं, मी कशी दिसायचे," त्या एकदा म्हणाल्या.

मोठा पडदा मंडळाकडे आहे. मी 'जर्मन संस्कृतीची ओळख' असा कार्यक्रम सुचवला, त्यात हाच सिनेमा. 'संस्कृती' म्हटलं की आमची कमिटी विरघळतेच. फक्त प्रथेप्रमाणे कार्यक्रम आधी कमिटी बघते, मग तो बालवाडीचा नाच का असेना. तशी ती बघून आली. कसा वाटला, विचारलं तर हे म्हणाले, "छान आहे, थोडा टाइट केलाय." मी वड्यांच्या भाजीत होते. टाइट म्हणजे काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

रविवारी दुपारी ओमा निळा कोट घालून, केस सेट करून आल्या आणि पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसल्या. सिनेमातली बाई सभागृहाच्या दाराशी आली, तशी ओमांनी माझा हात धरला. "आता मी."

दार उघडलं. पडद्यावर देवनागरीत अक्षरं आली: मध्यंतर.

वडे झाले, चहा झाला. पुन्हा दिवे मालवले तर ती बाई दुधाच्या डेअरीत बाटल्या धूत होती. मागून कोणीतरी विचारलं, "हिने जॉब का सोडला?" उत्तर आलं, "चांगली ऑफर आली असेल." ओमा माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माझे डोळे मिटले होते का गं?"

माझं डोकंच फिरलं. मी उठून दिवे लावले. "अहो, सभेचा सीन कुठे गेला?"

हे शांतपणे म्हणाले, "तो पोलिटिकल होता. लहान मुलं आहेत. कमिटीने एकमताने काढला."

"त्या सीनमध्ये या ओमा आहेत. तेवढ्यासाठी आल्यात त्या. त्यांना आता दिसत नाही फारसं. लावा तो."

क्षणभर हे गडबडले. मग त्यांच्यातला अध्यक्ष मदतीला धावला. "आल्झो, म्हणजे असं बघा, ठराव झालाय, तो मी एकटा कसा मोडू? सभेलाच विचारतो. कमिटीच्या निर्णयाला कोणाचा विरोध आहे? हात वर करा."

मी हात वर केला. हातात मध्यंतरापासूनचा वड्यांचा चिमटा होता, तोही वर गेला. हॉलमध्ये बाकी एकही हात नाही. कोणी प्लेटमध्ये बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. माझा लेकसुद्धा.

ओमांना मराठीचं अक्षर कळत नाही. त्या खुर्चीचा आधार घेऊन उठल्या, मागे वळल्या आणि बारीक डोळ्यांनी एकेका रांगेवरून नजर फिरवत राहिल्या. मी जर्मनमध्ये म्हणाले, "ओमा, बसा, मी लावायला लावते तो सीन."

"राहू दे," त्या कोटाची बटणं लावत म्हणाल्या. "किती छान करतात हे लोक. आम्हाला अख्खी सकाळ शिकवावं लागलं होतं."