नळकाकांच्या पोटातली जोडणी

जगातली कुठलीही गोष्ट नळकाकांना पाइपाशिवाय समजत नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनी जोडलेत आणि उरलेल्या निम्म्यांना ते येता-जाता नावं ठेवतात. त्यांच्या लेखी रस्त्यावरची गर्दी म्हणजे चोकअप आणि लांबलचक भाषण करणारा माणूस म्हणजे वॉशर गेलेली तोटी!

या गृहस्थांना नात झाली आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या दोन्ही हातांवर गजकर्ण उठलं. दिवसभर ओल्यात काम, दुसरं काय होणार? कोपरापर्यंत लाल, खाजऱ्या चकत्या. सूनबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, रागावू नका, पण ही बुरशी दुसऱ्याला लागते. बरं होईपर्यंत बाळाला घ्यायचं नाही."

काका रागावले नाहीत. हात पाठीमागे घेऊन ते खोलीच्या दारात उभे राहायचे आणि तिथूनच नातीशी गप्पा मारायचे, तेही गच्चीवरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात. ती बिचारी दचकून रडायची. मग काका हिरमुसून नुसतेच बघत राहायचे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिल्या. काकांनी त्या एकही दिवस न चुकवता घेतल्या. चकत्या मात्र मजेत पसरत होत्या. शेवटी काका काकूंना घेऊन तावातावानं दवाखान्यात धडकले.

"तुमचं औषध फुसकं आहे!"

"कधी घेता?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. लाइन मोकळी असली की प्रेशर चांगलं मिळतं."

"नुसती कॅप्सूल?"

"छे! आधी ॲसिडिटीचं पातळ औषध, दोन झाकणं. कॅप्सूल उष्ण पडू नये म्हणून आतून अस्तर!"

"मी म्हणत होते, आधी विचारा," काकू म्हणाल्या. "पण यांना स्वतःचं पोटसुद्धा दुरुस्तीला आलेलं वाटतं."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "काका, ही कॅप्सूल विरघळायला पोटात ॲसिड लागतं आणि सोबत भरपेट जेवण. तुम्ही ॲसिड मारलंत आणि जेवणही दिलं नाहीत. मग औषध रक्तात चढणार कसं? बरंचसं तसंच खाली वाहून गेलं."

"म्हणजे थेट ड्रेनेजला?" काका ताडकन उभेच राहिले.

त्या दिवसापासून अस्तर बंद झालं आणि कॅप्सूल जेवणाबरोबर सुरू झाली. चकत्या फिक्या पडू लागल्या आणि काका पेटले! दिसेल त्याला थांबवून ते मार्ग समजावू लागले. पोटातून आतड्यात, आतड्यातून रक्तात, रक्तातून कातडीत! "आणि लिव्हर! अरे, काय कारागीर आहे! त्या औषधाचे तुकडे तुकडे करतं, काही लघवीच्या लाइनला सोडतं, बाकीचे शौचाच्या. आणि एवढं काम करून आवाज नाही!" ऐकणाऱ्याच्या हातात दूध असो की इस्त्रीचे कपडे, लिव्हर संपल्याशिवाय सुटका नव्हती.

मग एके दिवशी काका-काकू पुन्हा दवाखान्यात गेले आणि बाईंनी कॅप्सूल बंद केल्या. काकांचा चेहरा पडला. नात हातात यायच्या बेतात आणि हे काय?

"बाई, टाकीच बंद केली तर नळ कोरडा पडेल! बुरशी परत आली म्हणजे? पोरीला लागली म्हणजे?"

"रक्तातलं औषध काही दिवसांत संपेल, पण कातडीत मुरलेलं इतक्यात जात नाही. जुनी कातडी जशी झडते, तसं तिच्याबरोबर हळूहळू निघतं. तोवर काही आठवडे ते तिथंच पहारा देतं." बाईंनी हातावरची कातडी जराशी खरवडली, आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि परत आल्या. "बुरशी नाही. उरलाय तो नुसता डाग. जा, घ्या नातीला."

काका जे सुटले ते थेट घरी! काकू आणि चपला दोन्ही दवाखान्यातच राहिल्या. कोपरापर्यंत साबण चोळून ते सूनबाईपुढे उभे राहिले. तिनं डाग नीट निरखले आणि हसून बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं.

लोखंडी पाइप खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर चढणारा हा माणूस जागीच थिजला. ना बसेना, ना हलेना. बाळानं डोळे उघडून त्यांच्याकडे टक लावली.

तेवढ्यात हातात चपलांचा जोड घेऊन काकू धापा टाकत दारात पोचल्या. "अहो, श्वास तरी घ्या!"

"हळू बोल," काका पुटपुटले. "बघतेय ती माझ्याकडे."