रस्त्यापलीकडची लाईट

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखन तर चौथीतच सुटलं. राग मानू नये.

माझी पिठाची गिरणी रस्त्याच्या अलीकडे, शांताची पलीकडे. माझी लाईन गावाची, तिची कारखान्यांची. संध्याकाळी घरोघरी दिवे-पंखे लागले की वीज पुरत नाही. मग गावाची लाईन बंद करतात, कारखान्यांची चालू ठेवतात. घरात भाकरी कमी पडली की कुणी उपाशी राहायचं, हे जसं न बोलता ठरलेलं असतं, तसंच हे.

माझा पट्टा थांबला की तिच्या गिरणीची घरघर ऐकू येते. तिनं माझं काही घेतलेलं नाही, तरी पोटात जळतं.

आज शेजारच्या मालनकाकूंचे लग्नाचे गहू दळताना लाईट गेली. निम्मे दळायचे राहिले.

"येईल ना गं?"

"येईल हो, काकू."

अंधार पडला. पलीकडून शांता ओरडली, "काकू, आणा इकडे! तिथं काय वीज नटून-थटून येणार आहे?"

काकू हसल्या, मीही हसले. उरलेले गहू मीच डब्यात भरले.

"निम्मे पैसे ठेव की, निम्मं दळलंस ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी दळणाचे आधीच दिलेले सगळे पैसे मी त्यांच्या हातावर ठेवले.