धुळीचं कारण

माझी बायको डॉक्टर आहे हे मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याचा उपयोगही करून घेत. कुणाकडे पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की ताटातली भजी संपायच्या आत एखाद्या काकू तिच्यासमोर पाय करायच्या.

"बघ गं, ही शीर कशी फुगलीय. इथल्या डॉक्टरकडे गेले तर मेला तीन आठवड्यांनी ये म्हणतो."

ती दाबून बघायची, दोनचार प्रश्न विचारायची, काय ते सांगायची. शेवटी न चुकता म्हणायची, "पण काकू, दाखवून घ्या हं. मी इथे डॉक्टर नाही." सुरुवातीला हे ती हसत म्हणायची.

मी २००१ साली इथे आलो, मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत. ती मुलीला घेऊन मागाहून आली. नागपूरला ती बाळंतपणं करायची, रात्र रात्र उभी राहून. इथे ती माझ्या व्हिसाला बांधलेली होती. राहायची परवानगी होती, कामाची नव्हती. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षांची जाडजूड पुस्तकं आणून तिने पहिली परीक्षा दिली, पासही झाली. पण पुढच्या ट्रेनिंगची जागा कुठल्या राज्यात मिळेल याचा नेम नव्हता, आणि मला मिशिगन सोडता येत नव्हतं. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने केलेला. कंपनी सोडली की रांगेत पुन्हा शेवटी. "एकदा कार्ड येऊ दे," मी म्हणायचो. पुस्तकं कपाटात गेली. वर हिवाळ्याची ब्लँकेटं.

२००५ मध्ये तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावात डॉक्टर होती. तिच्या शेजारचा भाग कित्येक महिने डॉक्टरविना होता. तिथे आपल्याकडच्या तालुक्यासारखं असतं. चार छोटी गावं, मधे गव्हाची शेतं नि मेंढ्या, आणि सगळ्यांची मिळून एक कौन्सिल. दवाखाना कौन्सिलचा, डॉक्टरचं घरही कौन्सिलचं. अशा ठिकाणी भारतातली डिग्री चालायची. इंग्रजीची परीक्षा, एक मुलाखत, पहिलं वर्ष मैत्रिणीच्या देखरेखीखाली.

"तू आलीस तर मी रविवारी तरी झोपेन, यार," मैत्रीण म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर राहायला गेली असं म्हटलं तरी चालेल. दर महिन्याच्या सभेचा वृत्तान्त तिथे असायचा. बाकीच्या बायका मालिका बघायच्या, ही ते वाचायची आणि मला जेवताना सांगायची. मोठ्या गावाला पोहण्याच्या तलावाभोवती नवं कुंपण मिळालं म्हणून दुसऱ्या गावचे लोक चिडलेत. तिसऱ्या गावात आता फक्त एक हॉटेल, एक सभागृह आणि धान्याची कोठारं उरलीत. चौथ्या गावात तर टेनिसचं मैदान आणि आगीचा बंब, बस्स. तिथल्या एका पुलावरून जड ट्रक न्यायला बंदी आहे, त्यामुळे सुगीत सगळ्यांना लांबून वळसा पडतो. पांढरे पोपट शाळेच्या छताची नासधूस करतात, त्यावर तर तीन सभा झाल्या होत्या.

"आणि एकाही गावात बाळंतपण होत नाही," ती म्हणाली. "दिवस भरत आले की बायकांनी दीड तास लांबच्या शहरात जाऊन राहायचं. नवरा शेतावर, मोठी मुलं शेजाऱ्यांकडे. दुसऱ्या गावाच्या कडेला तिथल्या मूळच्या लोकांची वस्ती आहे, त्यांच्यातल्या कितीतरी जणी जातच नाहीत. मग अडली की धावपळ."

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिलाही गंमत वाटायची. "आई, डिड दे फिक्स द ब्रिज?" शाळेतून आल्या आल्या विचारायची.

"नाही गं. पैसे नाहीत म्हणतात."

"दे शुड डू अ बेक सेल." तिच्या शाळेत पैसे जमवायला केक-बिस्किटं विकायचे, तसं.

मी हसायचो. जायचं मात्र मला नव्हतं. तेव्हा मी त्याचं कारण ग्रीन कार्ड सांगत होतो. इतकी वर्षं रांगेत काढली, आता सोडून कसं जायचं? हे म्हणणं खोटं नव्हतं. लोकांना ते लगेच पटायचं आणि मलाही पटायचं, म्हणून मी त्याच्या आड बसलो होतो.

मुलाखत फोनवर ठरली. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. तिने डायनिंग टेबल पुसलं, फोन स्पीकरवर ठेवला आणि साडी नेसली. "अगं, त्यांना दिसणार आहे का?" मी विचारलं. "मला दिसतंय ना," ती म्हणाली.

तिकडे चौघं होती. कौन्सिलचे अध्यक्ष, ते स्वतः मेंढ्या पाळणारे शेतकरी; दवाखान्याच्या मुख्य नर्स; शाळेचे हेडमास्तर; आणि किराण्याचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. बाईंनी आधीच सांगितलं की त्यांनी हळद आणि मोहरी मागवायला सुरुवात केली आहे, अजून काय लागेल ते सांगा. नर्सबाईंनी बाळंतपणाचे एकेक अवघड प्रसंग घातले आणि बायको उत्तरं देत गेली. चार वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. छोटी वाक्यं. आधी काय, मग काय, काय अजिबात करायचं नाही. मधेच नर्सबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही उद्याच या," आणि सगळे हसले.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजाला घाई नव्हती. "तुमचाही विचार आम्ही केलाय बरं का. आमच्याकडे कच्च्या रस्त्यांची काही कमी नाही. ते सारखे करायला ग्रेडर आहेत, मोठी मशीनं. ती बघणारा माणूस रिटायर होतोय. तुम्ही इंजिनिअर आहात. वर्कशॉप तुमचं."

त्यांनी मनापासून सांगितलं होतं. माणसाला गावात काम असलं तर माणूस टिकतो, इतका साधा हिशोब. माझ्या कानांच्या पाळ्या मात्र तापल्या. मला दिसलं ते हे: मी ग्रीसने माखलेल्या हातांनी दुकानात मोहरी घ्यायला गेलोय आणि बाई कुणाला तरी सांगतायत, हे आपल्या डॉक्टरांचे मिस्टर. नोव्हायमध्ये मी सीनियर इंजिनिअर होतो, ती माझी बायको होती. तिथे हे उलटं होणार होतं, चारही गावांत, रोज.

"थँक यू, व्हेरी काइंड," मी म्हणालो.

तेवढ्यात बाथरूममधून मुलीची हाक आली. डोळ्यांत शॅम्पू गेला होता. बायको "एक मिनिट" म्हणून आत गेली.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "ती नाहीये तोवर सरळच विचारतो. आमचे मागचे दोन्ही डॉक्टर गेले, कारण घरच्यांना करमलं नाही. लोकांचा जीव लागतो आणि मग माणूस जातो. तुमची मनापासून तयारी आहे ना? नसेल तर आत्ता सांगा, आम्ही अजिबात राग धरणार नाही."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. इतक्या सभ्यपणे दुसरं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर ते 'नाही' माझं झालं असतं आणि त्याच रात्री तिच्यापर्यंत पोचलं असतं. मी म्हणालो, "आमच्या मुलीला दमा आहे. तुमच्याकडे धूळ फार असते ना?"

एका हिवाळ्यात तिची छाती वाजली होती. डॉक्टरांनी पंप दिला होता, महिन्याभराने तो कुठे गेला तेही आठवत नव्हतं. एवढंच.

नर्सबाई म्हणाल्या, "उन्हाळाभर धूळच असते. लाल धूळ. दमेकरी मुलांचे फार हाल होतात." अध्यक्ष म्हणाले, "तुमची मिसेस काही बोलली नाही."

"ती बोलणार नाही," मी म्हणालो. "तिला यायचंच आहे. प्लीज, हे कारण तिला सांगू नका. आई आहे, तिच्या मनाला लागेल."

धुळीचं एक वेळ घाबरून तोंडातून निघालं म्हणता येईल. हे दुसरं मी विचार करून बोललो. बायको हात पुसत परत आली तेव्हा हेडमास्तर शाळेतल्या पोपटांबद्दल बोलत होते.

चार दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी शब्द पाळला. सध्या तुमच्या कुटुंबासाठी हे योग्य होईल असं कमिटीला वाटत नाही, फार वाईट वाटतं, एवढंच म्हणाले. बायकोने आभार मानले, फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिली.

"गॅप," ती म्हणाली. "चार वर्षांचा गॅप आहे ना. नर्सने ओळखलं असणार. तिसऱ्या केसला मी अडखळले होते."

"असं काही नसेल," मी म्हणालो.

"मग काय असेल? तूच सांग."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला, ते मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर तिने सभांचे वृत्तान्त वाचणं सोडलं. मुलीने एकदोनदा पुलाचं विचारलं, मग तीही विसरली. ऑस्ट्रेलियात आणखी अशी गावं होती, मैत्रीण नावं कळवत होती. हिने कुठेच अर्ज केला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्याच काकूंनी पुन्हा पाय पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "काकू, खरंच सांगते, मला आता काही आठवत नाही." काकूंना ती थट्टा वाटली. मी शेजारी उभा होतो, हातात मोदकाचं ताट घेऊन.

पुढे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा एक कागद आला आणि तिला कामाची परवानगी मिळाली. एका क्लिनिकच्या बिलिंगमध्ये तिला नोकरी लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांना आकडे लावायचे. "घरी बसण्यापेक्षा बरं," ती लोकांना सांगायची. मी रोज सकाळी तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून द्यायचो. कुणी सांगितलं नव्हतं. ती थँक्स म्हणायची. असे तीन हिवाळे गेले. तिला सांगावं तर घर मोडेल, न सांगावं तर ती स्वतःला नापास समजत राहणार. मी दुसरं पत्करलं, कारण ते तिला भोगायचं होतं, मला नाही.

२००८ च्या पानगळीत आमच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. एका शनिवारी दुपारी मी डिशवॉशर रिकामा करत होतो, ती तिकडे रात्रपाळीवर असलेल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मधेच ती म्हणाली, "दमा? कुणाला दमा?" मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. "नाही गं, बरी आहे ती. सॉकर खेळते." तिने फोन ठेवला.

"त्या नर्स अजून विचारतात म्हणे," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या मुलीचा दमा कसा आहे."

हातातल्या वाट्या मी खाली ठेवल्या आणि सांगितलं. शॅम्पू, धूळ, सांगू नका म्हटलं ते. कारण मात्र ग्रीन कार्ड सांगितलं. तिथेही.

ती ओरडली नाही. "मला विचारलं असतंस तर कदाचित मीच नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघून. पण मग मी स्वतःला मठ्ठ समजले नसते ना रे." थोड्या वेळाने म्हणाली, "फोन लाव त्यांना."

"आत्ता? तिकडे पहाट असेल."

"मग संध्याकाळी लाव. पण लाव."

दिवस उतरल्यावर मी अध्यक्षांच्या घरी फोन लावला. ती समोर उभी होती. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लेक कशी आहे?"

मी म्हणालो, "तिला दमा नव्हता. मी खोटं बोललो होतो."

मागे कुत्रं भुंकत होतं. त्यांनी त्याला गप्प केलं. "आम्हाला त्यानंतर वर्षभर कोणी मिळालं नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता आठवड्यातून दोन दिवस एक जण येतो. का केलंत असं?"

ग्रीन कार्ड जिभेवर आलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही तेच उत्तर येणार असं वाटत असावं. सात वर्षं मी ते सगळ्यांना दिलं होतं.

"मला तिच्या मागून यायचं नव्हतं," मी इंग्रजीत म्हणालो. "तुमच्या गावात मी डॉक्टरांचा नवरा झालो असतो. मला ते नको होतं."

बायकोने मान खाली घातली. अध्यक्षांनी खोल श्वास घेतलेला ऐकू आला.

"ठीक," ते म्हणाले. "डॉक्टरांना फोन द्या."

मी तो तिच्या हातात दिला. तिने मला दाराकडे हात दाखवला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येत होता. शेजारचे काका कचरा टाकायला निघाले होते, "काय, बाहेर काढलं वाटतं?" म्हणून हसत गेले. दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ ती ऐकत होती. मग एकदा हसली. नंतर रडली असावी, नक्की सांगता येत नाही.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. "जेवायला चल," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"ते मला म्हणाले, तुला नाही," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला वळली.

मी पुन्हा विचारलं नाही. तिने आजवर सांगितलेलं नाही.