भावजी ते मराठीत म्हणाले

परदेशात आल्यावर मराठीचा आपण सगळ्यात जास्त उपयोग कशासाठी करतो? समोरच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलायला. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या केसांचा रंग, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाचं पोट, फ्लॅट दाखवायला आलेल्या घरमालकाचा खडूसपणा, सगळं आपण खुशाल, चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलतो. कुणाला कळणार आहे! जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावातल्या आमच्या मराठी मंडळींनी तर ही कला पार टोकाला नेली आहे.

मी सांगणार आहे ती गोष्ट मिसळीच्या एका रविवारची. पण त्याआधी शनिवारांबद्दल सांगायला हवं.

हायडेलबर्गमध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट जमतो. तो सुरू केला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाने. वडील घानाचे, आई जर्मन, स्वतःचा जन्म कासेलचा. आणि तरी 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न त्याला आजही विचारला जातो. मुलांना वाट दाखवणारे बहुतेक त्यांच्यातलेच मोठे पुरुष आहेत, एक वकील, एक परिचारक, एक पीएचडी करणारा. गणिताला माणूस हवा आहे असं वाचनालयातल्या फळ्यावर वाचून मी गेले. शिक्षकाने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "गणित आम्हालाही येतं. तुम्हाला दारं उघडता येतील का? तुमच्या लोकांच्या कंपन्यांमधून ओळखी आहेत."

ओळखी होत्याच. वशिला ही गोष्ट फक्त आपल्याकडे चालते असं समजणाऱ्याने एकदा इथे नोकरी शोधून पाहावी.

माझ्याकडे जो मुलगा आला तो एकोणीस वर्षांचा, मानहाइमला जन्मलेला. आई कॅमेरूनहून आलेली, रुग्णालयात नर्स. त्याला सॉफ्टवेअरमधली आउसबिल्डुंग हवी होती. म्हणजे कंपनीत पगारावर राहून तीन वर्षं काम शिकायचं आणि सोबत शाळा. या मुलाला चौथीत गणितात उत्तम मार्क होते. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि बाईंनी आईला सांगितलं, "याचे हात फार चांगले आहेत, त्याला जास्त अभ्यासाच्या शाळेत कशाला दमवता?" आईला इथल्या शाळांची रीत माहीत नव्हती, तिने मान डोलावली. माझ्या मुलीची त्याच इयत्तेत अपूर्णांकांच्या बेरजेत भंबेरी उडायची. तिला बाईंनी हसत हसत गिम्नाझियुमला, म्हणजे त्याच जास्त अभ्यासाच्या शाळेत, धाडलं. भारतीय मुलगी, आईवडील कॉम्प्युटरवाले, गणित येणारच! एकच देश, एकच इयत्ता, दोन मुलं. हे मला त्याच्याबरोबर बसल्यावर पहिल्यांदा कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने अर्ज भरपूर केले होते. तो घरी बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि ते आमच्या टीममधल्या कित्येकांपेक्षा स्वच्छ असायचे. फोटोशिवाय अर्ज गेला की बोलावणं यायचं, प्रत्यक्ष भेट झाली की कुठेतरी माशी शिंकायची. म्हणून मी ठरवलं की आता दार उघडायचं.

दार म्हणजे आमचे भावजी. खरे भावजी नव्हेत, नवऱ्याचे पुण्याच्या कॉलेजपासूनचे मित्र. जवळच्याच एका कंपनीत ते मोठ्या पदावर आहेत आणि आउसबिल्डुंगची मुलं निवडण्यात त्यांचा शब्द चालतो. त्या कंपनीत या मुलाचा अर्ज गेलेलाच होता. मी दोघांना रविवारच्या मिसळीला बोलावलं.

मुलगा वेळेच्या आधी आला, येताना आईने केलेली केळ्याची भजी घेऊन. पावाऐवजी ब्रोटशन, म्हणजे इथले छोटे गोल पाव, आणि वर सढळ हाताने तर्री. त्याने ती तर्री अशी खाल्ली की भावजी खूश झाले. दोघांचं जर्मनमध्ये छान जमलं. भावजींनी तांत्रिक प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, मध्येच एका प्रश्नात भावजींचीच चूक निघाली तर ती इतक्या अदबीने दाखवली की तेही मोकळेपणाने हसले. मी फरसाण वाढताना मनात म्हटलं, झालं काम.

मग भावजी माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "वहिनी, पोरगा शार्प आहे हं, नो डाउट. पण खरं सांगू का? याला कस्टमरसमोर कसा बसवायचा? आल्झो, म्हणजे मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पण लोक बघतात हो. आणि पहिल्याच दिवशी हातात लॅपटॉप द्यायचा, उद्या इकडचा तिकडे झाला तर निस्तरायचं कुणी?"

हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने. मुलाकडे बघत, जणू त्याची तारीफच चालली आहे.

मी तोंड उघडेपर्यंत माझी मुलगी बोलली. ती बारा वर्षांची आहे आणि टेबलाच्या टोकाला फोन घेऊन बसली होती. आमची मुलं मराठी बोलत नाहीत, म्हणून त्यांना ती येत नाही असं आम्ही सोयीस्करपणे धरून चालतो. तिने मुलाकडे वळून स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "काका म्हणाले, तू हुशार आहेस, पण तुला कस्टमरसमोर बसवता येणार नाही. लोक बघतात म्हणून. आणि लॅपटॉप दिला तर तो गायब होईल." मग भावजींना विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

भावजींच्या हातातला चमचा तिथेच थांबला. "अगं, गंमत होती ती," ते म्हणाले, आणि तेही मराठीतच. गंमत होती हे त्या मुलाला सांगायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही!

मुलाने ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली, मिसळीबद्दल माझे आभार मानले आणि बूट घातले. बसस्टॉपपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. माफी मागायला लागले तर म्हणाला, "मला तुमची भाषा येत नाही. पण काय चाललंय ते मला कळलं होतं. फक्त शब्द माहीत नव्हते."

दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. वाईट वाटलं होतं खरं, पण स्वतःबद्दल. "वहिनी, मुलीला जरा वळण लावा. मोठ्यांच्या बोलण्यात असं पडतात का? तिने सॉरी म्हटलं तर मी विसरून जाईन. त्या पोराचा अर्जही पुढे सरकवतो."

वळण! गेल्या वर्षी याच माणसाला घर मिळत नव्हतं. भारतीय म्हटल्यावर फोडणीचा वास येईल म्हणून घरमालक टाळायचे. तेव्हा आमच्या सोफ्यावर बसून "हे लोक किती रेसिस्ट आहेत" यावर त्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या होत्या. मी चहा करून घातला होता. आपल्याला लागतो तो अन्याय आणि आपण करतो ती व्यवहारी काळजी, हा हिशेब मला त्या फोनवर असह्य झाला. मी म्हटलं, "भावजी, आधी तुम्ही त्याला सॉरी म्हणा. जर्मनमध्ये. मग माझ्या मुलीचं बघू."

ते हसले. "तुम्ही त्या पोराचं नुकसान करताय," म्हणाले.

नवऱ्याचंही तेच मत पडलं. "अगं, एक शब्द तर आहे. त्याचं आयुष्य मार्गी लागेल." रात्रभर भांडलो आम्ही. शेवटी मी मुलालाच फोन करून सगळं सांगितलं, कारण जागा त्याची होती, माझी नव्हे. त्याने विचारलं, "तुमची मुलगी खोटं बोलली होती का?" मी म्हटलं नाही. "मग नको," तो म्हणाला.

नकार आला. तुमच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, वगैरे. भावजींकडे आमचं जाणंयेणं थांबलं, आणि इथल्या मराठी मंडळात आता मी 'जरा अति करणारी' म्हणून ओळखली जाते. चालेल मला.

पण चालणार नाही असं एक आहे. त्यानंतरच्या शनिवारी त्याला मानहाइममधल्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. हॉलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो, मी साहेब आणि तो उमेदवार. मी नेहमीचे प्रश्न काढले. तो म्हणाला, "हे मला येतात. तुमच्या घरी ते म्हणाले ना, ते विचारा."

मी म्हटलं, "कोणी तोंडावर असं विचारत नाही."

"मनात असतंच. मला ते ऐकूनही चेहरा तसाच ठेवता यायला हवा. आवाजही."

मी नाही म्हटलं. पलीकडच्या टेबलावरून शिक्षकाने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली, जणू म्हणत होता: विचारा, इथे हेही करावं लागतं. तेव्हा मला दिसलं की त्या टेबलावरही सोळा वर्षांचा एक मुलगा त्याच तयारीला बसला होता. पोलिसाचा आव आणून एक जण त्याला विचारत होता, तुझ्या खिशात काय आहे.

मग मी, दार उघडायला आलेली बाई, ताठ बसले आणि एका हुशार मुलाला जर्मनमध्ये विचारलं की तुला लॅपटॉप दिला तर तो परत मिळेल ना.

"नक्कीच," तो हसून म्हणाला, पण त्याचा आवाज किंचित कापला. त्याने घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाला, "पुन्हा विचारा."