पाटी पालथी करणारे चाचा

बातमी आली तेव्हा मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गोदामात, एका वॉशिंग मशीनच्या मागे वाकून गंजाचा फोटो काढत होते. बाबांचा फोन होता. "नेहा, इस्माईल गेला गं..." एवढंच ते बोलले, आणि मी वेड्यासारखी त्याच गंजाचे आणखी दोन फोटो काढले. वस्तूचा दोष आधी टिपायचा, मग बाकीची वस्तू, हा इस्माईलचाचांचाच शिरस्ता. त्यांना जाऊन आता पाच महिने होत आले. अजूनही एखाद्या कपाटाची बिजागरी निखळलेली दिसली की मी मान वळवते, "चाचा, हे बघा" म्हणायला. मागे कुणी नसतं.

चाचा बाबांचे जुने मित्र. रत्नागिरीकडच्या एका बंदरावरच्या गावातून विशीच्या आत इकडे आले आणि एका शिपिंग कंपनीत स्टोअरकीपर म्हणून सगळं आयुष्य काढलं. आम्ही ऊद मेथात राहायचो, ते दोन गल्ल्या सोडून. शुक्रवारी ते नमाजहून परतले की आमचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. मी इथेच वाढलेली. त्यांनी मराठीत काही विचारलं की मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि ते माझ्या ताटातलं सांदण उचलून म्हणायचे, "मराठीत मागितलंस तर परत मिळेल." माझं मराठी आज जे काही आहे ते बरंचसं या सांदणांच्या जोरावर आलेलं आहे.

नोकरी सोडून मी ऑनलाइन लिलावाची साइट काढली तेव्हा चाचा नुकतेच निवृत्त झाले होते. इथे दर महिन्याला कुणीतरी घर गुंडाळत असतं. नोकरी सुटते, व्हिसा संपत येतो आणि वीस वर्षांचा संसार चार आठवड्यांत विकायचा असतो. त्या संसाराला नीट बोली लागावी, अशी माझी कल्पना. रुकय्याचाचींनीच मला फोन केला होता, "ह्यांना घेऊन जा गो तुझ्याकडे. दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करतात."

साइट यशस्वी व्हायला काय लागतं, यावर माझ्याजवळ तेव्हा भलंमोठं प्रेझेंटेशन होतं. जाहिराती, सवलती, शेवटच्या मिनिटाला फोनवर वाजणारी घंटा... चाचांनी ते चष्मा कपाळावर ढकलून शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सगळं बरोबर. पण ह्यात पाटी पालथी कधी करतेस?" त्यांचे वडील बंदरावर मच्छीचा लिलाव पुकारायचे. वर चकचकीत सुरमई आणि तळाला मऊ पडलेले बांगडे, अशी पाटी भरायची काहींना खोड असायची. म्हणून वडील आधी पाटी फरशीवर पालथी करायचे आणि मगच पहिली बोली घ्यायचे. "लिलाव जिंकणाऱ्यावर चालत नाही, मॅडम," चाचा म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते मॅडम म्हणायचे. "जो हरला तो उद्या परत येतो का, त्यावर चालतो."

मी मनातल्या मनात हसले होते. पण चाचा कामाला लागले. स्वतः प्रत्येक घरी जायचे, सोफा उलटा करायचे, फ्रिजच्या रबराला नाक लावायचे. पहिला फोटो मांजरानं ओरबाडलेल्या सोफ्याच्या हाताचा, दुसरा पोपडे निघालेल्या पायाचा, आणि अखंड सोफा कुठेतरी पाचवा. "तुम्ही माझा सोफा विकताय की त्याची बदनामी करताय?" म्हणून एक बाई त्यांच्या अंगावर धावून गेल्या होत्या. चाचा म्हणाले, "बाई, इन्शाल्ला विकला जाईल, पण तक्रार घेऊन कुणी तुमच्या दारात येणार नाही." तो सोफा विकला गेलाच. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, आमच्याकडे तीच तीच माणसं पुन्हा येत होती. हरून, पुन्हा येत होती.

तरी मी माती खाल्लीच. पहिल्या वर्षी बोल्या फार कमी पडायच्या. एका चांगल्या फ्रिजवर एकच बोली अडकून बसलेली पाहून माझा जीव खालीवर झाला, आणि मी भावाच्या फोनवरून बोली चढवत नेली. फ्रिज मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधल्या चौघांनी मिळून घेतला. चाचांनी यादीत भावाचा नंबर ओळखला. ते ओरडले नाहीत. "गाडीत बस," एवढंच म्हणाले. कॅम्पच्या त्या खोलीत फ्रिजला टेकून उभं राहून मी हिंदीत सांगितलं की तुमच्याविरुद्ध बोली लावणारी मीच होते, आणि वरचे दीडशे दिरहम, म्हणजे तीन हजारांहून जास्त रुपये, परत दिले. त्यातला एक जण म्हणाला, "कोई बात नहीं मैडम, आपने बता तो दिया।" त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर चाचांनी दोन नियम घातले. ऑफिसातल्या कुणीही, कधीही बोली लावायची नाही. आणि एकदा पहिली बोली पडली की वस्तू मागे घ्यायची नाही, मग ती कुणाचीही असो. "खलास," ते म्हणाले. त्यानंतर दर गुरुवारी ते बोल्यांची यादी मागून घ्यायचे आणि पेन्सिलीनं एकेक नंबर तपासायचे. वर्षानुवर्षं. प्रेम तेच, चिडवणं तेच, पण ती पेन्सिल काही थांबली नाही. तुमचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला का, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. मग ते हॉस्पिटलात गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं...

गेल्या महिन्यात चाचींची इद्दत, नवरा गेल्यावर घरात काढायचे ते चार महिने दहा दिवस, संपली. त्या कायमच्या गावी निघाल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "हॉस्पिटलात सांगून गेलेत. सामान दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. नेहा विकेल, ती खरं लिहिते." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एवढी वर्षं ज्या एका वाक्याची वाट पाहिली, ते असं, माणूस गेल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं.

मग उठून कामाला लागले. पलंग, कपाट, मिक्सर आणि जेवणाचं टेबल. टेबलाखाली आडवी होऊन फोटो काढले. लिहिलं: एक पाय आखूड, खाली पुठ्ठा लावावा लागतो, उजव्या कोपऱ्यावर चहाच्या ग्लासाची गोल खूण, पुसून जात नाही. संध्याकाळी टेबलावर पहिली बोली पडली आणि मी त्या गोल खुणेचा फोटो पुन्हा उघडला. तो चाचांचा कोपरा होता. ते टेबल मला हवं होतं, इतकं साधं मला फोटो काढताना कळलं नव्हतं.

चाचींना फोन केला. त्या रागावल्याच, "अगो, तोंडानं बोलली का नाहीस? कर बंद ते, मी मालकीण हाय ना!" वस्तू मागे घ्यायचं बटण माझ्या समोर होतं. यादी तपासणारं आता कुणी नव्हतं. दोन दिवस मी त्या बटणाकडे बघत राहिले आणि टेबल गेलं.

ते एका नव्यानं लग्न झालेल्या मल्याळी जोडप्यानं घेतलं. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, असं आम्ही ते लिफ्टपर्यंत नेलं. माझ्या हाताखाली ती गोल खूण होती. लिफ्टच्या दारात मला राहवलं नाही. म्हटलं, "एक पैर छोटा है, नीचे गत्ता लगाना पड़ेगा. और ये दाग..."

"मालूम है," ती मुलगी हसून म्हणाली. "आपने लिखा था ना।"

मी हात काढून घेतला.