एका बाहीची जाकिटं

अनगोळात आक्कांच्या शिवणाच्या दुकानात आल्यापासून मला एकच भीती. कापड बिघडलं तर मला घरी पाठवतील. माझ्याआधीच्या मुलीच्या हातून एका नवरीच्या ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, जास्त कापला गेला आणि त्याच आठवड्यात ती आपल्या गावी गेली. हे मला कुणी धमकी म्हणून सांगितलेलं नाही, बोलता बोलता कानावर आलं. पण कात्री हातात घेतली की आठवतंच.

माझं घर जांबोटीच्या पुढं, रानात. सातवीनंतरची शाळा लांब, पावसाळ्यात गाडी येईल न येईल. शाळा सुटली ती सुटलीच. आक्का नात्यातल्या नाहीत, तरी त्यांनी राहायला जागा दिली, मशीन शिकवलं, आपल्या शेजारी जेवायला बसवलं. इतकं मिळालं की ते जाईल याचीच धास्ती जास्त.

यंदा जवळच्या हायस्कूलच्या मुली जाकिटं शिवायला आल्या. गॅदरिंगला कोरियन गाण्यावर नाचणार होत्या. आक्कांनी विचारलं, "आपली गाणी संपली काय गं?"

"मराठी घेतलं की एकाची तक्रार, कन्नड घेतलं की दुसऱ्याची," एक मुलगी म्हणाली. "सर वैतागलेत. कोरियनवर कोण भांडत न्हाय."

"समजत न्हाय तर ऐकताय कशाला?"

"तुमी तेलुगू पिक्चर बघतासा न्हवं आंटी? तसंच. सगळी शाळा फोनवर हेच बघती."

आक्का हसल्या आणि काम माझ्यावर टाकलं. मुलींनी माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवला. काळं सॅटिनचं जाकीट, पुढं चेन. एका हाताला पूर्ण बाही, दुसरा हात उघडा आणि त्या खांद्यावर चंदेरी पट्टी. असलं मी कधी शिवलं नव्हतं. व्हिडिओ थांबवायचा, बघायचं, खडूनं आखायचं, परत लावायचा. त्या कोरियन पोरी कितीही वेळा नाचल्या तरी दमत नव्हत्या. मी बघून बघून दमले. सॅटिन हातातून निसटतं, टाचण्या टिकत नाहीत. मानेपासून कमरेपर्यंत एक कळ कायमची बसली. तरी उजवं-डावं मी नीट बघितलं होतं. नाचणारीचा उजवा हात उघडा, म्हणून उजवाच मुंढा मोकळा ठेवला.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुली घालून बघायला आल्या. एकीनं आपल्या फोनशी ताडून बघितलं आणि म्हणाली, "ताई, उजवा हात उघडा कसा? डावा पायजे."

मी माझा व्हिडिओ दाखवला. ती जीभ चावून मैत्रिणीकडं वळली. "शिकायचा व्हिडिओ पाठवलीस व्हय गं ताईला?"

मग त्यांनी सांगितलं. नाच शिकणाऱ्यांसाठी तेच व्हिडिओ कुणीतरी उलटे करून टाकतं, म्हणजे आरशात बघितल्यासारखं समोर बघून नाचता येतं. त्यात डावं ते उजवं दिसतं. मला कुठनं ठाऊक असणार? पण जाकिटं सगळी शिवून झाली होती, आणि कापलेला मुंढा परत जुळत नाही. मी आक्कांकडं बघितलंच नाही. ट्रंकेत काय काय भरायचं तेवढंच डोक्यात येत होतं.

आक्कांनी चष्मा लावून व्हिडिओ बघितला, मग जाकीट उलटसुलट करून बघितलं.

"व्हिडिओ तुमीच दिलासा," त्या मुलींना म्हणाल्या. "त्यात जसं हाय तसं तिनं शिवलंय. शिलाईत खोट हाय काय? न्हाय न्हवं? घालायचं असलं तर घाला, न्हायतर तुमच्या आयांस्नी माझ्याकडं लावून द्या. मी बोलतो त्यांच्यासंगट."

मुली आपसात कुजबुजल्या. एकीनं चेन ओढून दोन-चार स्टेप करून बघितल्या. "बरं दिसतंय की. कोण एवढं बघतंय?" असं म्हणत जाकिटं घेऊन गेल्या.

मी भिंतीला टेकून तशीच.

"तू का उभारलियास?" आक्का म्हणाल्या.

"मला वाटलं, मला घरी लावून देतासा."

"ह्या वेळेला जांबोटीला गाडी तरी हाय काय? बस खाली."

मी बसले. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं. बसायला सांगितलं याचंच बरं वाटलं. ढिगातलं वरचं पोलक्याचं कापड ओढलं, माप घेतलं. कात्री लावायच्या आधी परत एकदा घेतलं.