कन्व्हर्टर मी निवडला होता

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तेव्हाही नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही असं नव्हे. उलट, सांगितलं तर समोरच्याच्या मनात माझं काय उरेल, हे मला नीट ठाऊक होतं.

गोष्ट एका यंत्राची आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. यंत्रात दोष होता. बॅटरी उतरली. पण यंत्र निवडलं कोणी?

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पुण्याहून बी. एस्सी. होऊन मेहकरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. पुण्यात चार वर्षं माझ्या बोलण्याला लोक हसले होते. ते हसणं मी बरोबर घेऊन आलो आणि इथल्या लोकांवर काढायला लागलो. 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात खालच्या बाकावर बसवत असे.

त्या वर्षी शाळेनं टेपरेकॉर्डर घेतला. तालुक्यात दुसरा नसावा. थंडीत लोणारला, सरोवराच्या काठावर तंबू ठोकून मुलांचं चार दिवसांचं शिबिर भरवायचं ठरलं. तिथं वीज कुठली? हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, बॅटरीवर टेपरेकॉर्डर चालेल असं काहीतरी बघा, तुम्ही शास्त्रातले.

मी युसूफभाईंच्या दुकानात गेलो. रेडिओ दुरुस्त करणारे, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्याकडे लष्कराच्या जुन्या सामानातले दोन कन्व्हर्टर आले होते. बॅटरीची वीज आत घ्यायची, मोटर फिरवायची आणि घरातल्यासारखी वीज बाहेर काढायची, असं ते यंत्र. एक अवजड, दोन बॅटऱ्या मागणारा. त्याच्यावर वेग दाखवणारा काटा आणि वेग सारखा करायची कळ. दुसरा हलका, हिरव्या रंगाचा, एका हातात उचलता येणारा. काटा नाही, कळ नाही.

मी हलक्यावर हात ठेवला. युसूफभाई म्हणाले, "मास्तर, थो नका नेऊ. बॅटरी उतरली का त्याची चाल मंदावते. मशीनची चाल बी त्याच्यासंगं मंदावते. आवाजाचा भरोसा राहत नाही."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी पदवीच्या परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलेलं होतं! पण दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, आणि मला शिकवतंय कोण — तर चौथी पास माणूस. मी म्हणालो, "मला माहीत आहे, युसूफभाई." आणि हलका घेऊन निघालो. त्यांनी दुसरी बॅटरी तरी न्या म्हटलं, तीही नेली नाही.

आता किसनबद्दल सांगायला हवं. इथपर्यंत मी त्याचं नाव टाळत आलोय — तुमच्या लक्षात आलं असेल.

किसन आमच्या शाळेचा शिपाई. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करत असे. त्याची बायको तानाबाई गायची. लग्नात, बारशात, कापूस वेचताना. आवाज भरदार, थोडा जाड. ती गायला लागली की बायांचे हात आपोआप भराभर चालायचे म्हणत. त्या दिवाळीनंतर तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल.

शिबिराच्या आधी किसन माझ्याकडे आला. टोपी हातात. "सर, लोणारच्या बाजूलेच तिचं माहेर हाये. सध्या तेथीच हाये थे. जराकसा तिचा आवाज भरून घ्याल काय? शाळेत नाही येत म्हणते, मास्तर लोकाईची लाज वाटते तिले." मग म्हणाला, "गाणं नसन म्हणत तं नसो. मले शिव्या देल्ल्या तरी चालते."

मी हसलो. हो म्हणालो.

शिबिरात तीन दिवस मी तो टेपरेकॉर्डर मिरवला. मुलांच्या कविता, हेडसरांचं भाषण, पाहुण्यांचं भाषण. बॅटरी तिथंच खलास होत आली. चौथ्या दिवशी सकाळी किसन बैलगाडी घेऊन उभा. तेव्हाच सांगायचं होतं — किसन, आज नको, बॅटरी भरून आणू, ऑपरेशनला अजून आठ दिवस आहेत. का नाही सांगितलं? पुढच्या आठवड्यात परत लोणारला यायचा कंटाळा. एवढंच. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

तिच्या भावाच्या अंगणात बाया जमल्या होत्या. कन्व्हर्टर भिंतीपलीकडे ठेवला, वायर ओढली, माईक तानाबाईसमोर धरला. ती आधी लाजली, मग गायली. तीन गाणी. शेवटी किसनला दोन वाक्यं सुनावली — "चाहात साखर जास्त घेऊन राह्यले तुम्ही, मी नसली का कोन पाह्यते?" बाया हसल्या, किसन हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला.

आणि भिंतीपलीकडे कन्व्हर्टरचा घुमारा उतरत चालला होता. मला ऐकू येत होतं. त्या अंगणात त्याचा अर्थ कळणारा मी एकटाच होतो. मी थांबवलं नाही. तीस बाया माझ्याकडे जादूगार असल्यासारखं बघत होत्या.

"ऐकवा ना, सर," किसन म्हणाला. बॅटरी संपत आली, शाळेत ऐकवतो, असं मी सांगितलं.

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं दोघं शाळेत आले. तिच्या गळ्याला पांढरं फडकं. मी शाळेच्या विजेवर टेप लावली — पूर्ण वेगानं. मंद चालीवर भरलेला आवाज पळत सुटला. चिरका, बाहुलीसारखा. किसन आधी हसला. मग म्हणाला, "सर, हा तिचा आवाज नोहे."

त्या क्षणी एक वाक्य पुरे होतं. चूक माझी आहे. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "किसन, रोगानं तिचा आवाज असाच झाला होता. तुला सवयीनं पहिल्यासारखा ऐकू येत होता. यंत्राला सवय नसते."

तानाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं. आपण कसं गायलो हे तिला माहीत असणारच, पण सांगणार कशानं? मग तिनं मान डोलावली. पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि उठली.

थांबा, अजून आहे. इथंच संपलं असतं तर याला मी घाबरटपणा म्हटलं असतं.

किसननं युसूफभाईंना सांगितलं असावं. दोन दिवसांनी ते शाळेत आले. आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, त्याच कन्व्हर्टरवर लावा. बॅटरी तितकीच उतरू द्या. चाल जुळली का बाईचा आवाज जसाचा तसा निंघते. मी बसतो संगं."

बरोबर होतं. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग किसनला कळलं असतं की मी खोटं बोललो. हेडसरांना कळलं असतं की कन्व्हर्टर कोणी, कोणाचं न ऐकता निवडला. पाहतो, म्हणालो.

त्याच आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण भरून घ्यायचं होतं. कपाटात टेप गुंडाळलेली दोन कोरी स्पूल होती. मी तानाबाईचं स्पूल काढलं आणि त्याच्यावर भाषण भरलं. चुकून नाही. डब्यावरचं तिचं नाव वाचून.

युसूफभाईंना मी सांगितलं, टेप तुटली. पुन्हा कधी माझा रेडिओही त्यांनी दुरुस्तीला घेतला नाही. किसनलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या सर. तुम्ही आमच्यासाठी एवढी मेहनत घेतली."

तानाबाई पुढे अकरा वर्षं जगली. खुणांनी बोलायची. बायांमध्ये बसणं तिनं सोडलं होतं.

ती गेल्यावर महिन्याभरानं किसन स्टाफरूममध्ये माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी एकटाच होतो. कप ठेवून तो जागचा हलला नाही.

"सर, एका गोष्टीचं लय वाईट वाटते," तो म्हणाला. "तिचा आवाज तसा झाला होता, अन् मले समजलंच नाही. रोज बाजूले असून. मशीनले समजलं, मले नाही समजलं. कसा नवरा म्हनावं मले?"

मी म्हणालो, "होतं असं, किसन."

आणि चहा प्यायलो.